संगणकाचे पाठांतर

पावसाळ्यात रत्नागिरीत आमच्या आळीतली मुले पडवीत बुद्धिबळाचा पट मांडतात. परवा एकाने विचारले, "काका, मोबाईल जिंकतो तो चाली पाठ करूनच ना? मग मीही पाठ करू?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी संगणकात सुरुवातीच्या चालींचे पुस्तकच भरून देत. तेवढ्या चाली त्याने विचार न करता खेळायच्या, वाचलेला वेळ पुढे वापरायचा. 11 मे 1997 रोजी न्यूयॉर्कला 'डीप ब्ल्यू'ने कास्पारोव्हविरुद्ध आठव्या खेळीला घोड्याचा बळी दिला आणि 19 खेळ्यांत डाव जिंकला. यंत्राचे केवढे धाडस! पण ती चाल माणसांनीच आधी भरून ठेवली होती.

2017 साली 'अल्फाझिरो' आला. त्याला फक्त नियम सांगितले. बाकी तो स्वतःशीच खेळून शिकला. 'स्टॉकफिश'शी 100 डाव झाले: 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार एकही नाही. लोकांनी तक्रार केली की स्टॉकफिशला पुस्तक दिले नव्हते. मग पुस्तक देऊनही सामना लावला. त्याचा निकाल 2018 साली प्रसिद्ध झाला, तोही अल्फाझिरोच्याच बाजूने. पुस्तकाने वेळ वाचतो, सुरुवातीची घसरण टळते. पुढचा डाव मात्र खेळावाच लागतो.

पोराला म्हटले, "दहा चाली पाठ कर, पण प्रत्येक चाल का खेळलास ते मला सांगायचे."

अकराव्या खेळीला त्याचा वजीर गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच डाव पुन्हा मांडून बसतो.