यंत्र हा चिकित्सेचा पाचवा पाद नव्हे

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. अलीकडे आपल्या संमेलनांतील व्याख्याने ऐकताना असे वाटू लागते, की यांत पाचवा पाद दाखल झाला असून त्याचे नाव तंत्रज्ञान आहे. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. आमच्या चिकित्सालयात संगणक आहे, छोट्या रसशाळेत विजेची भट्टी आहे. परंतु अनुभवाअंती आमचे मत असे बनले आहे, की यंत्र चारही पादांची सेवा करू शकते. त्यांपैकी एकाचीही उणीव ते भरून काढू शकत नाही.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वैद्यांचा नाथ ज्या क्षेत्री वसतो त्या परळी वैजनाथास औष्णिक विद्युत केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ साली हे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शेकडो मेगावॅटची यंत्रे जागच्या जागी होती, तंत्रज्ञ होते. खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हते. यंत्र कितीही मोठे असो, ते कोणत्या तरी साध्या गोष्टीवर उभे असते. ती गोष्ट कोणती, हे आधी ओळखणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

औषधनिर्मात्यांनी हाच विचार भट्टीबाबत करावा. मफल फर्नेसचे लाभ निर्विवाद आहेत. पावसाळ्यात गोवऱ्या भिजण्याची चिंता नाही, धूर नाही, तापमानाची नोंद ठेवता येते आणि दोन घाणांत सारखेपणा राखणे सोपे जाते. मात्र एका रात्री लोहभस्माचा पुट चालू असता आमच्याकडील वीज गेली, ती पहाटे आली. भट्टी पुन्हा सुरू करून आम्ही ठरलेले तास पूर्ण केले. नोंदवहीत सारे यथास्थित दिसत होते. पण भस्म पाण्यावर तरंगेना. वारितर परीक्षेत नापास झालेला तो सगळा घाणा पुन्हा त्रिफळाक्वाथाच्या भावना देऊन पुटांतून न्यावा लागला. नोंदवहीवर विसंबून तो बाटल्यांत भरला असता, तर दोष विजेचा नसून आमचा ठरला असता.

सौरऊर्जेविषयीही हेच. आपल्या जिल्ह्यास उन्हाची वाण नाही, आणि लोहाच्या भानुपाकात सूर्यतापाचा उपयोग आपल्या आचार्यांनी पूर्वीच करून ठेवला आहे. छतावरील सौर पट्ट्यांवर दिवे, संगणक, लहान खल-यंत्र सुखाने चालतात. रात्रभर भट्टी चालवावयाची तर मोठा बॅटरीसंच लागतो. त्याचा खर्च लहान रसशाळेस पेलेल काय, याचा हिशेब विक्रेत्याच्या पत्रकावरून न करता आपल्या वीजबिलावरून करावा.

प्रयोगशाळेतील तपासणीस मात्र आम्ही कोणतीही सवलत मागणार नाही. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी रागाने उत्तरे दिली. जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली, हे योग्यच झाले. धातू किती आहे हे यंत्र सांगते. शोधन नीट झाले की नाही, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षा आणि प्रयोगशाळेचा अहवाल दोन्ही हवीत.

आता संगणकाकडे वळू. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे केल्यामुळे. पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले व आपल्या ग्रंथांतील योग परदेशी पेटंट परीक्षकांस त्यांच्या भाषेत वाचता येऊ लागले. एवढे काम हाताने लिहिलेल्या पोथ्यांकडून झाले नसते.

त्याच संगणकाने आम्हांस एकदा खाली मान घालावयास लावली. ऊसतोडीस जाणाऱ्या एका भगिनीचे मागील वर्षीचे पत्रक पडद्यावर उघडले, तक्रार तीच होती, आम्ही एक कळ दाबून तेच औषध छापून दिले : शतावरी चूर्ण, अनुपान दूध. हंगाम संपल्यावर ती परतली, प्रकृती होती तशीच. विचारले तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, फडावर दूध कुठलं? काळ्या चहासंगं घेतलं की." आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, हे आम्हांस ठाऊक होते. विचारण्याचे काम मात्र आम्ही पडद्यावर सोपवले होते.

वैद्यबंधूंनी संगणक घ्यावा, औषधनिर्मात्यांनी भट्टी घ्यावी, परवडेल तेथे सौर पट्ट्याही बसवाव्यात. मात्र घेण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य करावेत : हे यंत्र चार पादांपैकी कोणाच्या सेवेस आहे, आणि ते बंद पडल्यास आपले काम कसे चालेल? आम्ही आमच्या संगणकातील रुग्णपत्रकात आता एक रकाना वाढवून घेतला आहे : "येत्या चार महिन्यांत मुक्काम कोठे, आणि तेथे कोणते अनुपान मिळेल?" तो भरल्याशिवाय औषधपत्र छापले जात नाही. रुग्णास विचारल्याशिवाय तो भरताही येत नाही.