परवाना भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

मुळशी हा एकच तालुका असला, तरी औषधविक्रीच्या दृष्टीने तेथे दोन जगे नांदतात. हिंजवडीच्या पट्ट्यात मोबाइलवर मागणी नोंदवली की औषध सदनिकेच्या दारात येते. पौडच्या पश्चिमेला, ताम्हिणीकडच्या वाड्यावस्त्यांवर मात्र बाजारगाव गाठावे लागते. या दोन्हींच्या मध्ये उभा असलेला ‘मेडिकल’वाला सध्या ऑनलाइन कंपन्यांच्या सवलतींनी धास्तावला आहे.

त्याची धास्ती अनाठायी नाही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला आणि २८ सप्टेंबरला देशभरातील विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून त्याला विरोध केला. मसुद्याचे नियम होण्याआधीच रिलायन्सने २०२० मध्ये नेटमेड्स आणि टाटा समूहाने २०२१ मध्ये वनएमजी ताब्यात घेतली. नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के मार्जिन धरलेले आहे. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज आणि पगार भागवणाऱ्याने अशा भांडवलाशी सवलतीची शर्यत लावणे म्हणजे हरण्याचीच तयारी होय.

मग त्याच्याकडे उरते काय? उत्तर १९४८ च्या फार्मसी कायद्यातच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे कलम ४२ सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याचे प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर असते आणि काउंटरवर अनुभवाने तयार झालेला पोऱ्या. प्रमाणपत्र ‘भाड्याने’ देण्याचा हा व्यवहार व्यवसायात कोणालाच नवा नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना २०१२ मध्ये फार्मासिस्टच्या उपस्थितीसाठी राज्यभर धडक तपासणी झाली. तेव्हा संघटनांनी बंदचे हत्यार उपसले होते. ज्या माणसाची उपस्थिती तेव्हा जाच वाटली, तोच आज दुकानाचे खरे भांडवल ठरू शकतो, हा या कहाणीतील विरोधाभास आहे.

खोकल्याच्या सरबताचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ पिऊन लहान मुले दगावली. त्या सरबतात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्यातील काही मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. महाराष्ट्राच्या प्रशासनानेही ‘एसआर-१३’ या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला. परंतु बाटली कोणाच्या घरी गेली, हे बॅच क्रमांकासह बिल फाडले असेल तरच कळणार. बिल मागणारे गिऱ्हाईक थोडे आणि न मागता देणारे दुकानदार त्याहून थोडे.

मुळशीच्या पश्चिम भागाला आणखी एक गोष्ट लागू पडते. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘के’नुसार हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात काही घरगुती औषधे परवान्याविना विकता येतात. पॅरासिटामॉल, मलम यांच्या यादीत खोकल्याची सरबतेही होती. छिंदवाड्यानंतर ती वगळण्याचा प्रस्ताव पुढे आला. प्रस्ताव योग्यच, मात्र धरणापलीकडच्या अनेक गावांची वस्ती हजाराच्या आतच आहे. त्यांना जवळचा फार्मासिस्ट किती कोसांवर, याचे उत्तर प्रस्तावात नाही.

प्रतिजैविकांचेही तसेच. मार्च २०१४ पासून परिशिष्ट ‘एच-१’मधील औषधे विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. ही नोंद करणारा, ‘पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत सोडू नका’ असे बजावणारा माणूस दुकानात हवा. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी रुग्णाला सल्ला देणे हे फार्मासिस्टचे काम ठरवले. पण गोळ्यांच्या पाकिटावर जसे मार्जिन मिळते, तसे या सल्ल्यावर मिळत नाही. पौड-पिरंगुटच्या रस्त्यावरील दुकानदाराला पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार परवडायचा कसा, याचा हिशेब अजून सरकारनेही मांडलेला नाही आणि संघटनांनीही.