लेट्यूसचा गड्डा, दहा नंबरचं मांजर आणि पोस्टमास्तर

विलायतेतल्या बातम्या इथे बसून वाचण्यात एक वेगळीच गंमत असते. आपलं काही अडलेलं नसतं, त्यामुळे चहा घेत घेत निवांत हसता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘डेली स्टार’ या वृत्तपत्राने साठ पेन्सचा लेट्यूसचा गड्डा टेबलावर ठेवला, त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि देशाला प्रश्न विचारला: आधी कोण जाणार, हा गड्डा की पंतप्रधान लिझ ट्रस? गड्ड्याला डोळे चिकटवले, केसांचा टोप घातला. सहाव्या दिवशी ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. गड्डा थोडा मलूल झाला होता, पण जिंकला.

विनोद फर्मासच होता. पण लक्षात काय राहिलं पाहा. ट्रस यांचं नाव काढलं की लोकांना भाजी आठवते. त्यांच्या सरकारने २३ सप्टेंबरला पैशाची तजवीज न करता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली होती. त्यामुळे सरकारी रोख्यांचा बाजार कोसळला, पेन्शन फंडांना वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला धावावं लागलं आणि घरकर्जांचे व्याजदर चढले. हे मात्र मागे पडलं. ज्यांच्या कर्जाची मुदत नेमकी तेव्हा संपत होती, त्यांचा हप्ता वाढला. त्या हप्त्यावर कुणी कॅमेरा लावला नव्हता.

दुसरा नमुना लॅरी बोक्याचा. फेब्रुवारी २०११ मध्ये उंदीर पकडायला म्हणून तो दहा, डाउनिंग स्ट्रीटवर रुजू झाला. कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर असे सहा पंतप्रधान त्याने पाहिले. आपल्याकडे मंत्री बदलला तरी साहेबांचा शिपाई तोच असतो, तसंच काहीसं. लॅरीवरून हसता हसता लोक पंतप्रधान किती भराभर बदलतायत हे विसरून जातात.

ब्रिटिश विनोदाची ही खुबी जुनीच आहे. ‘येस मिनिस्टर’ ही मालिका १९८० साली सुरू झाली. मंत्र्याला गोड बोलून गुंडाळणारे सचिव त्यात होते. आपल्याकडे २००१ साली तिचा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ आला, त्यात फारुख शेख होते. काहींना आठवत असेल. मूळ मालिका मार्गारेट थॅचर यांना इतकी आवडायची की १९८४ साली त्यांनी त्यातल्या नटांबरोबर स्वतः एक छोटा प्रवेश केला. ज्याची टिंगल करायची तोच टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसला, की समजावं, टोला लागलेला नाही. वाफ गेली, कुकर शेगडीवर तसाच.

याच्याच जोडीला स्वप्नांची गोष्ट. १९७२ साली ब्रायन मास्टर्स या लेखकाने एक अजब पुस्तक काढलं होतं: लोकांना राणीबद्दल पडलेल्या स्वप्नांचा संग्रह. ही स्वप्नं बंड करण्याची नव्हती. राणी आपल्या घरी चहाला येते, हे त्यातलं नेहमीचं. घरातल्यांची तारांबळ आणि राणी मात्र अगदी घरच्यासारखी! म्हणजे वरची मंडळी मनाने चांगली आहेत, एकदा आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसली की आपलं म्हणणं ऐकतील, हा विश्वास. आपल्याकडेही ‘साहेबांपर्यंत पोचलंच नाही हो, नाहीतर काम झालं असतं’ म्हणणारे कमी नाहीत.

विनोदाने वाफ जाते आणि स्वप्नाने विश्वास टिकतो. या दोन सवयी असलेल्या देशात खरा अन्याय झाला की काय होतं, हे पाहायचं तर पोस्टमास्तरांचं प्रकरण पाहावं.

तिकडे गल्लीतलं पोस्ट बहुतेक वेळा एखाद्या दुकानातच असतं. दुकानदार करारावर सबपोस्टमास्तर असतो. बडोद्यात हे फार समजावून सांगायला नको. चरोतरातून आफ्रिकेत आणि तिथून इंग्लंडात गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी अशीच दुकानं चालवली. सकाळी वर्तमानपत्रं लावायची, दुपारी म्हाताऱ्यांची पेन्शन द्यायची आणि संध्याकाळी हिशेब मिळवायचा. १९९९ पासून हा हिशेब ‘होरायझन’ नावाच्या संगणक-प्रणालीवर आला. ती फुजित्सू कंपनीची. तिच्यात दोष होते आणि गल्ल्यात नसलेली तूट ती पडद्यावर दाखवायची. हॅम्पशायरमधल्या जो हॅमिल्टन हेल्पलाइनवर सांगतील तसं करत गेल्या, तर त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली.

करारात लिहिलेलं होतं की तूट सबपोस्टमास्तरने भरायची. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरं गहाण टाकली. फोन केला की बऱ्याच जणांना एकच उत्तर मिळायचं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. मग खटले. पोस्ट ऑफिसला तिथे स्वतः फौजदारी खटला चालवता येत होता. म्हणजे तक्रार त्यांची, तपास त्यांचा आणि खटलाही त्यांचाच. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, त्यातले सुमारे सातशे पोस्ट ऑफिसने स्वतः चालवलेल्या खटल्यांत. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना २०१० साली गरोदर असताना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे पोस्ट ऑफिसची जुनी कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा संशयितांची वर्णावरून वर्गवारी केलेली दिसली. त्यात ‘भारतीय/पाकिस्तानी’ हा एक रकाना होता.

न्यायालयांनी यंत्रावर एवढा भरवसा ठेवला, त्यालाही कारण आहे. पूर्वी तिथल्या कायद्यात अट होती की संगणकातला पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. त्यानंतर यंत्र बरोबर असंच धरायचं आणि ते चूक असेल तर आरोपीने दाखवायचं, असं झालं. आता गावातला दुकानदार फुजित्सूच्या यंत्रातला दोष कुठून दाखवणार?

कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९ मध्येच सात सबपोस्टमास्तरांची कहाणी छापली. ‘प्रायव्हेट आय’ हे टिंगलटवाळीसाठी प्रसिद्ध असलेलं पाक्षिक २०११ पासून याच्या मागे लागलं. विनोदी पाक्षिक बातम्या देत होतं आणि बातम्या देणारे बरेच जण लेट्यूस दाखवत होते! वेल्समधल्या लँडडनोचे ॲलन बेट्स यांचं पोस्ट २००३ मध्येच काढून घेतलं होतं. त्यांनी ५५५ जण गोळा करून दावा लावला. २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख पौंडांवर तडजोड झाली, पण त्यातला मोठा वाटा दाव्याच्या खर्चातच गेला. निकाल देताना न्यायाधीश म्हणाले की पोस्ट ऑफिसचा हेका म्हणजे या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका दिवशी ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. सार्वजनिक चौकशीही सुरू झाली. तरीही देश शांतच.

मग १ ते ४ जानेवारी २०२४, सलग चार रात्री ‘आयटीव्ही’वर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही मालिका लागली. बेट्सच्या भूमिकेत टोबी जोन्स. नऊ तारखेला पोस्ट ऑफिसच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी आपला सन्मान परत करत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठीच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. दहा तारखेला पंतप्रधान सुनक यांनी सगळ्यांना एकदम दोषमुक्त करणारा कायदा आणण्याचं पार्लमेंटमध्ये सांगितलं आणि मे महिन्यात तो झालाही. वीस वर्षं जे हललं नव्हतं ते दहा दिवसांत हललं.

मालिकेत नवी माहिती जवळपास नव्हतीच. फरक एवढाच की बातमीत ‘५५५ दावेदार’ असतात आणि मालिकेत एक बाई संगणकासमोर बसून आकडा दुप्पट होताना पाहते. आकडा वाचून आपण पान उलटतो. त्या बाईचा चेहरा पाहिला की आपल्याच आत्याचं दुकान आठवतं. इथे हसून वाफ घालवायची सोय नव्हती. वरचे लोक मनाने चांगले आहेत या स्वप्नालाही जागा उरली नव्हती, कारण वरचे लोकच तर सांगत होते की तुम्ही एकटेच आहात.

म्हणून टीव्हीचं कौतुक जरूर करावं, पण हिशेब पुरता मांडावा. जुलै २०२५ मध्ये चौकशी अहवालाचा पहिला भाग आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यांच्यासाठी मालिका उशिरा आली. शिवाय अन्याय झालेल्या प्रत्येकाच्या वाट्याला टोबी जोन्स येत नाही. न्याय मिळायला चांगला पटकथालेखक लागत असेल, तर ते न्यायव्यवस्थेचं अपयश आहे.

आपण यातून काय घ्यावं? आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५-ब होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ आहे. इंग्लंडने काढून टाकली तशी एक अट आपण ठेवली आहे आणि तिला कटकट समजू नये. पण प्रमाणपत्रही शेवटी यंत्रवाल्यांच्याच बाजूचा माणूस देतो. बँकेत, रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या खिडकीवर ‘सिस्टिममध्ये असंच दिसतंय’ हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि मुकाट घरी येतो. यापुढे ते ऐकलं की दोन प्रश्न विचारावेत: हे लेखी द्याल का? आणि असं अजून कुणाचं झालंय का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बेट्स यांनीही तोच विचारला होता आणि उत्तर शोधायला स्वतः गावोगावच्या लोकांना एकत्र आणलं. आपल्यासारखी मंडळं गणपती आणि कोजागिरीला लोक जमवतातच. त्याच ओट्यावर अधूनमधून हाही प्रश्न निघाला, तर पाहायला काय हरकत आहे?