खरेदीदाराचे पैसे आधी मोजून घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळ, नवी दिल्ली



शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून हे पत्र लिहितो आहे. इथल्या रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे धुराडे हंगामच्या हंगाम थंड राहिलेले आम्ही पाहिले. शेजारच्या दौंड तालुक्यात पाटसचा भीमा कारखानाही बंद पडला होता. २०२२ मध्ये कर्नाटकच्या निराणी समूहाने तो भाड्याने घेतला आणि त्याची चाके पुन्हा फिरली. त्यामुळे बाहेरच्या भांडवलावर माझा राग नाही. जेट एअरवेज या विमान कंपनीच्या बाबतीत झाले ते पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी लिहितो.

५ मे १९९३ रोजी उडू लागलेली ही मुंबईची कंपनी १७ एप्रिल २०१९ ला थांबली. त्या दिवसांत स्टेट बँकेच्या पुढाकाराने खरेदीदाराचा शोध चालू होता. टीपीजी आणि इंडिगो पार्टनर्स हे अमेरिकी खासगी गुंतवणूकदार आपला सरकारी पाठबळाचा गुंतवणूक निधी एनआयआयएफ आणि अबुधाबीची विमान कंपनी एतिहाद निवडलेल्या यादीत होते. त्या यादीतून बोली आली ती फक्त एतिहादची, तीही अटी घालून. फंडांनी हिशेब केला आणि ते बाजूला झाले. तो त्यांचा हक्क होता, आणि त्यांनी कुणाला अडकवून ठेवले नाही.

अडकवणूक नंतर झाली. जून २०१९ मध्ये प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले. दिवाळखोरी कायद्याची मुदत ३३० दिवसांची. पण उद्योजक मुरारीलाल जालान आणि लंडनची कॅलरॉक कॅपिटल यांचा आराखडा मंजूर व्हायला जून २०२१ उजाडला. आराखडा ४,७८३ कोटींचा होता आणि पहिला हप्ता ३५० कोटींचा. आले २०० कोटी. उरलेले दीडशे कोटी हमीपोटी दिलेल्या बँक गॅरंटीतून वळते करून घ्या, असे खरेदीदार म्हणू लागले, आणि अपील न्यायाधिकरणाने ते मान्यही केले! वचन मोडले तर वसूल करायची रक्कम वचन पाळल्याच्या खात्यात कशी धरता येईल? शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेषाधिकार वापरून कंपनी अवसायनात काढली, २०० कोटी जप्त केले आणि गॅरंटी वटवायला सांगितले.

तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचा उतारा घटतो, तशीच विमान कंपनीची किंमत थांबल्या दिवसापासून उतरत जाते. विमानतळांवरच्या वेळा दुसऱ्यांना मिळतात, वैमानिक निघून जातात, विमाने गंजतात. मे २०२२ मध्ये परवाना पुन्हा मिळूनही जेटचे प्रवासी विमान उडाले नाही.

१९९३ मध्येच अमेरिकेत टीपीजीच्या डेव्हिड बॉन्डरमन यांच्या गटाने एअर कॅनडासोबत ४५ कोटी डॉलर घालून कॉन्टिनेन्टल एअरलाइन्स दिवाळखोरीतून बाहेर काढली. खासगी गुंतवणूकदारच होते ते. पण दिवाळखोरीच्या काळातही कॉन्टिनेन्टलची विमाने उडत होती. आपल्याकडे विमाने आधी जमिनीवर येतात आणि मग खरेदीदार शोधला जातो. मे २०२३ मध्ये स्वतःहून न्यायाधिकरणात गेलेल्या गो फर्स्ट या विमान कंपनीचेही तेच झाले. जानेवारी २०२५ मध्ये तीही अवसायनात निघाली.

सर्वांत जास्त भोगले ते जेटच्या कामगारांनी. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हा त्यांचाच घामाचा पैसा. तो पूर्ण द्या, असे अपील न्यायाधिकरणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगावे लागले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर शिक्कामोर्तब करावे लागले. कामगारांना हे मागायला कोर्टाची पायरी चढावी लागते, ही गोष्ट मला सहन होत नाही.

आपल्या मंडळाकडे नियम करण्याचा अधिकार आहे, म्हणून मागतो. आराखडा मंजूर होण्याआधी पहिला हप्ता स्वतंत्र खात्यात पूर्ण जमा व्हावा आणि तो पैसा कुठून आला हे जाहीर व्हावे. गॅरंटीला कुणी हात लावू नये. कामगारांचा निधी आणि ग्रॅच्युइटी त्याच खात्यातून सर्वांआधी चुकती व्हावी. आणि हप्ता चुकला, तर पुढच्या तारखांची वाट न पाहता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला बोलवावे.

यावर मंडळाचे काय म्हणणे आहे ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
न्हावऱ्याचा एक ऊस उत्पादक