नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत नांव ठेवणें निराळें आणि नांवें ठेवणें निराळें. पहिलें बारशाचें काम, दुसरें चावडीवरचें. मादागास्कर बेटाच्या पावसाळी अरण्यांत राहणाऱ्या एका दुर्मिळ प्राण्याच्या बाबतींत मात्र हीं दोन्ही कामें एकदमच उरकलीं गेलीं, आणि त्यांत त्या बिचाऱ्याच्या जिवावर बेतलें, असें आमचें मत आहे.

या प्राण्याचें नांव आय-आय. वानरकुलाशीं दूरचें नातें सांगणाऱ्या लेमूर वर्गांतला हा. ‘लेमूर’ हा शब्दच मुळीं भुताटकीचा. प्राचीन रोमन लोक मृतांच्या भटक्या पिशाच्चांस ‘लेमुरेस’ म्हणत. लिनियस या स्वीडिश पंडितानें रात्रीं हिंडणाऱ्या या प्राण्यांस तेंच नांव दिलें. पुढें सोनेरा या फ्रेंच प्रवाशानें १७८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लिहिलें कीं, हा प्राणी पाहून तेथील लोक आश्चर्यानें ‘आय-आय’ असें उद्गारले, तेंच नांव आपण कायम केलें. दुसरा एक तर्क आम्हांस अधिक पटतो. मालागासी भाषेंत ‘ठाऊक नाहीं’ अशा अर्थाचा एक उद्गार या शब्दाच्या जवळचा आहे. ज्याचें नांव उच्चारणें अशुभ, त्याविषयीं कोणी विचारलें तर लोक ‘ठाऊक नाहीं’ असेंच म्हणणार! आपल्या खेड्यांत सापाला ‘जनावर’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

पंडितांचाही गोंधळ थोडाथोडका नव्हता. ग्मेलिननें १७८८ सालीं याला खारींत बसविलें. कारण याचे पुढचे दांत खारीप्रमाणें जन्मभर वाढतात. पण याची खरी दौलत मधल्या बोटांत आहे. तें काडीसारखें बारीक असतें. सराफ जसा नाणें वाजवून पाहतो, तसा हा त्या बोटानें खोडावर टकटक करतो आणि आपले भलेमोठे कान लावून ऐकतो. आंत पोकळी आहे असें कळलें कीं दांतांनीं लांकूड कुरतडावयाचें आणि तेंच बोट घालून अळी ओढून काढावयाची. मादागास्करांत सुतारपक्षी नाहीं. त्याचें काम हा रात्रपाळीनें करतो. वजन सुमारें अडीच किलो, शेपूट अंगाहून लांब. दिवसा फांद्यापानांच्या गोल घरट्यांत निजून राहावें, हा याचा स्वभाव. यांत दुष्टपणा कोठें दिसतो?

तरीही कित्येक गांवांत अशी समजूत आहे कीं हा दिसला म्हणजे घरांत मृत्यु येणार, आणि त्यानें तें बोट ज्याच्याकडे रोखलें तो संपला. म्हणून दिसतांच त्याला मारतात. सर्वच गांवें असें मानीत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. शिवाय नारळाच्या बागेंत शिरून तो नुकसान करतो; तेव्हां शेतकऱ्याचा राग अगदींच निराधार नाहीं.

आपण हंसूं नये. घुबड ओरडलें कीं आपल्याकडेही दगड शोधतात. लिनियसनें ‘लेमूर’ म्हटलेल्या प्राण्यांत दक्षिण भारतांतला लोरिसही होता. त्याचे मोठे डोळे जादूटोण्यास उपयोगी पडतात अशा समजुतीनें त्यालाही मारीत आले आहेत.

त्याच बेटावर इंद्री नांवाचा दुसरा लेमूर आहे. त्याला लोक ‘बाबाकोतो’ म्हणतात, आणि या नांवांत बापाचें नातें आहे. मधासाठीं झाडावर चढलेल्या मनुष्यास त्यानें वांचविलें, अशी कथा सांगतात. म्हणून त्याला मारणें अनेक ठिकाणीं निषिद्ध. अरण्य तेंच, माणसेंही बहुधा त्याच पठडींतलीं. एकाला बाप म्हटलें, दुसऱ्याला अवलक्षणी. कोणी म्हणेल, जंगलतोडीपुढें नांवाचें काय घेऊन बसलांत? आक्षेप खरा आहे. जंगल तुटल्यानें बाबाकोतोही आज अत्यंत संकटांत आहे, आणि बाहेरून आलेल्या लोकांस तो निषेध ठाऊकही नसतो. पण झाडें राहूनही आय-आय मारला जातो, तेथें दोष कुऱ्हाडीचा नव्हे.

एके काळीं हा प्राणी नष्ट झाला असें समजत. १९५७ सालीं तो पुन्हा आढळला. १९६६ च्या सुमारास नऊ आय-आय नोसी मांगाबे या बेटावर नेऊन सोडण्यांत आले. त्याच्या मादीस दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतें. वाटेवर एक आय-आय मारला, तर ती जागा भरून यावयास इतका काळ लागतो.