वर्षाऋतूतील बालक्रीडा : एक उपेक्षित पथ्य

लहान मुलाचा केसपेपर लिहिताना आपण क्षुधा, मल, मूत्र, निद्रा आणि आहार यांची चौकशी क्रमाने करतो. मूल दिवसातून किती वेळ उड्या मारते, चढते-उतरते, घाम येईपर्यंत खेळते, हा प्रश्न त्या यादीत बहुधा नसतो. कोकणात आषाढ-श्रावणात मात्र हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि औषधाबरोबर क्रीडेचेही मात्रायुक्त पथ्य लिहून दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळणेश्वर, हेदवी, पालशेत हा गुहागर तालुक्याचा किनारी भाग. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाड्या उतारावर विखुरलेल्या, जांभ्याच्या पाखाड्या शेवाळाने निसरड्या, समुद्र खवळलेला. अशा दिवसांत तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात ती एका खोलीत ओळीने बसतात. गाणी होतात, चित्रे होतात, आहार होतो, सारे बसूनच. घरी परतल्यावर हातात मोबाईल येतो आणि बैठक तशीच चालू राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाड येथे बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परंतु नावातले हे अंगणच कोकणात चार महिने पाण्याखाली असते, याचा विचार आपण करत नाही.

या काळात चिकित्सालयात येणाऱ्या बालकांच्या तक्रारी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अरुची, मलावष्टंभ, आध्मान, चिडचिड, रात्री उशिरापर्यंत झोप न येणे. माता सांगते, "वैद्य, याला भूकच लागत नाही, काहीतरी टॉनिक द्या." आपण अरविंदासव देतो, क्वचित विडंगारिष्ट देतो. ही कल्पना चुकीची नाही. वर्षाऋतूत अग्नी स्वभावतःच मंद असतो. तथापि त्या स्वाभाविक मांद्यावर अखंड बैठकीचा आणखी एक हेतू चढलेला असतो. तो हेतू तसाच ठेवून केलेली चिकित्सा निदानपरिवर्जनाच्या मूलभूत सूत्रालाच बाजूला सारते.

काश्यपसंहितेच्या खिलस्थानात शिशूला प्रथम बसविण्याचा विधी सांगताना आचार्यांनी एक महत्त्वाचा इशारा दिला आहे. सतत बसवून ठेवलेल्या बालकास कटिदौर्बल्य, पाठीचे विकार, श्रम व ज्वर होतात आणि मल-मूत्र-वाताचा रोध होऊन आध्मान होते, असे तेथे वर्णन आहे. हा निर्देश सहाव्या महिन्याच्या सुमारास बसू लागणाऱ्या शिशूसंबंधी आहे, हे खरे. परंतु चार वर्षांच्या मुलात अखंड बैठकीने वातानुलोमन बिघडण्याची संप्राप्ती वेगळी मानण्यास कारण दिसत नाही. श्रावणातले आपले रुग्ण पाहिले तर ही लक्षणमाला डोळ्यांसमोर उभी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेची आहेत. तीन ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, त्यांपैकी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची असावी, मुलास सलग तासाहून अधिक काळ एका जागी जखडून ठेवू नये आणि पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासापुढे जाऊ नये, असे त्यांत सांगितले आहे.

यावर काही वैद्यबंधू दोन शास्त्रीय आक्षेप घेतील आणि ते विचारार्ह आहेत. पहिला असा की, अष्टांगहृदयात बालकास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. परंतु वाग्भटांनी व्यायाम म्हटले आहे ते शरीराला आयास उत्पन्न करणाऱ्या कर्माला. वाग्भटपरंपरेतीलच अष्टांगसंग्रहाच्या उत्तरस्थानात बालकाची क्रीडाभूमी कशी असावी याचे वर्णन आहे. ती समतल असावी, तेथे शस्त्र, दगड, खडे नसावेत आणि ती कृमिघ्न द्रव्यांच्या पाण्याने किंवा निंबजलाने शिंपलेली असावी. चरकाचार्यांनी शारीरस्थानात खेळण्यांचे गुणही दिले आहेत. ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी आणि भय न उपजविणारी असावीत. ज्या शास्त्राने खेळण्याची जागा आणि साधने इतक्या बारकाईने सांगितली, त्या शास्त्राने क्रीडेचा निषेध केला असे म्हणता येणार नाही. निषेध आहे तो आयासाचा. म्हणजे मोठ्यांनी लादलेल्या कवायतीचा व स्पर्धेचा.

दुसरा आक्षेप ऋतूचा. वर्षाऋतुचर्येत आयास टाळावा असे सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी दिवास्वापही वर्ज्य आहे आणि दुपारी मुलांना निजवून ठेवताना आपल्याला त्याचे स्मरण होत नाही. या ऋतूत बल अल्प असते, म्हणून अर्धशक्तीची मर्यादाही लवकर गाठली जाते. याचा अर्थ खेळाची एकेक पाळी लहान असावी, इतकाच. आपल्या लोकपरंपरेने हे कधीच ओळखले होते. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा हे सारे खेळ श्रावणात, घराच्या छपराखाली खेळले जातात. भाद्रपदात गणपतीपुढे जाखडी नाचतात. कोकणातला माणूस पावसाळ्यात खेळ सोडून बसला नाही; त्याने खेळ माजघरात आणला.

आता व्यवहाराचा भाग. एका खोलीत वीस मुले एकदम धावली तर डोकी आपटतात, हे अंगणवाडी सेविकांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून धावण्याऐवजी जागच्या जागी किंवा आळीपाळीने होणारे खेळ निवडावेत. जमिनीवर खडूची रेघ ओढून तळ्यात-मळ्यात. सुतळी आखून तिच्यावरून तोल सावरत चालणे. बेडूकउडी, खेकड्याची तिरकी चाल, हत्तीची डुलती चाल. कापडी चेंडू टोपलीत टाकणे. पडवी असेल तर खांब-खांबोळ्या, पण चार-पाच जणांची एकेक तुकडी करून. थोड्या मोठ्या मुलांना साधी फुगडी सेविकेने हात धरून शिकवावी. अशा पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन पाळ्या कराव्यात आणि आहारानंतर लगेच एकही ठेवू नये. कपाळावर व नाकावर घाम दिसू लागला, मूल तोंडाने श्वास घेऊ लागले की थांबावे. अर्धशक्तीचे हे लक्षण सेविकेला पाच मिनिटांत शिकविता येते. फरशी कोरडी पुसलेली आणि पाय अनवाणी असावेत. घसरणारी सतरंजी काढून ठेवावी. कुमारागाराचे वर्णन करताना चरकांनी ते निवात परंतु एका बाजूने वारा येणारे असावे असे म्हटले आहे. पावसाच्या झडीच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी उघडी ठेवली की हे साधते. धूपन करावयाचे ते मुले येण्यापूर्वी करावे आणि धूर पूर्ण निघून जाऊ द्यावा.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. भूक वाढविणाऱ्या बाटल्यांची मागणी या चार महिन्यांत थेट आपल्या काउंटरवर येते. हेतू चालूच राहिला तर उत्तम कल्पाचाही गुण येत नाही आणि दोष मात्र औषधाच्या व दुकानाच्या माथी येतो. "मूल दिवसभर बसूनच असते का?" एवढे विचारावे आणि बाटलीबरोबर घरात करावयाच्या खेळांचे छापील पथ्यपत्रक द्यावे. त्याने विक्री बुडणार नाही. गुण आलेला ग्राहक मात्र पुन्हा येईल.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख, म्हणजे बसून राहण्याचे सुख, अग्रक्रमाने गणले आहे. प्रौढ वयात ज्या सवयीची आपण चिकित्सा करतो, ती चौथ्या वर्षी एका कोंदट खोलीत लागत असेल तर तेथे जाणे हे वैद्याचेच काम आहे. यासाठी तीन गोष्टी सुचवितो. प्रत्येक सदस्याने आपल्या बालरुग्णपत्रिकेत 'क्रीडा' हा रकाना घालावा. जून उजाडण्यापूर्वी जवळच्या एका अंगणवाडीत जाऊन सेविका व मदतनीस यांच्याशी तासभर बोलावे, खोली पाहून तिथे जमतील असे खेळ ठरवावेत आणि श्रावणात पुन्हा एकदा जाऊन काय चालले आहे ते पाहावे. आपल्या संघटनेने एका पानाचे पथ्यपत्रक तयार करून सर्व सदस्यांस पाठवावे. यासाठी खर्च जवळजवळ नाही; पाऊस मात्र कोणासाठी थांबणार नाही.