वाड्यात एवढे आरसे कशाला?

‘बाजीराव मस्तानी’चं नाव डोंबिवलीत चार जणांत काढलं, की अजूनही दोन तट पडतात. १८ डिसेंबर २०१५ ला चित्रपट लागला, त्या दिवशी पुण्यात कोथरूडच्या सिटी प्राइडमधले खेळ निदर्शनांमुळे रद्द झाले होते. त्यानंतर वाद फारसा पुढे सरकलेला नाही. काशीबाई आणि मस्तानी मिळून पिंगा घालतात, बाजीराव शिपायांबरोबर नाचतो, हा काय इतिहास झाला, असं एक बाजू विचारते. आपल्या रावांना पडद्यावर एवढं मोठं दुसऱ्या कुणी केलं, असं दुसरी विचारते. मला यातली एकही बाजू पुरती घेता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि संजय लीला भन्साळींच्या कारागिरीबद्दल मनात आदर ठेवूनच ती मांडते आहे.

चिडलेल्यांना हसू नये. ठाणेकरांना तर हा काळ लांबचा नाही. ज्या तटाच्या आत आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो पोर्तुगीजांचा किल्ला. वसई मोहिमेच्या सुरुवातीलाच, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. चित्रपटात त्याच आप्पांच्या वाट्याला घरातल्या कटात सामील झालेला धाकटा भाऊ, एवढंच काम येतं. मस्तानीला कैदेत ठेवण्यात त्यांचा हात होता हे खरं. पण एवढाच माणूस दाखवला, तर ठाणेकराला लागणारच.

तरीही ‘पेशव्यांच्या वाड्यात नाच आणि आरसे कुठले?’ हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. शनिवारवाड्याच्या वर्णनांत नाचाचा दिवाणखाना आहे, जुना आरसेमहालही आहे. कुठला भाग कोणत्या पेशव्याच्या वेळचा, हे अभ्यासकांनी सांगावं. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं आणि आपल्याला फक्त जोती पाहायला उरली, म्हणून वाडा मुळातच रुक्ष होता असं आपण धरून चालतो. शिवाय चित्रपटाला आधार आहे ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’चा. १९७२ ची ती कादंबरी आपण प्रेमाने वाचली, तेव्हा तिच्याकडे पुरावे मागितले नव्हते.

दिमाख मराठी माणसाला मानवत नाही, हेही मला पटत नाही. बालगंधर्वांच्या शालूंसाठी लोक रात्र रात्र बसायचे. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘नवरंग’ काढणारे शांतारामबापू आपलेच, आणि भन्साळी त्यांचं ऋण उघडपणे मानतात. डोंबिवलीच्या गणेश मंदिराने १९९९ मध्ये सुरू केलेली पाडव्याची स्वागतयात्रा पाहा. फेटे, नथी, ढोल, बुलेटवर नऊवारीतल्या मुली. हा थाट आपण हौसेने करतो आणि मला तो आवडतो.

मग माझं दुखणं काय? या गोष्टीला वाडा सोवळ्यातलाच हवा होता. मस्तानीला कुणी युद्धात हरवलं नाही. तिला स्वयंपाकघराने, देवघराने, पंगतीने बाहेर ठेवलं. तिच्या मुलाची मुंज लावायला ब्रह्मवृंद तयार झाला नाही आणि कृष्णराव शमशेरबहादूर झाला. हा नकार प्रेक्षकाला अंगावर जाणवायचा, तर ज्या घरातून तो येतो त्या घराचं कडक, मोजकं, शिवाशिवीत बांधलेलं रूप डोळ्यांना दिसलं पाहिजे. चित्रपटात पोशाख वेगळे आहेत, पण काशीबाईंच्या दालनातही तेवढेच दिवे, तेवढीच झळाळी. मस्तानीच्या नाचात छतभर तिची प्रतिबिंबं उजळतात तेव्हा मीही दिपून गेले. पण तोवर सगळंच उजळलेलं असतं. दोन जगांमधली भिंत उरते ती संवादांत.

याला एक मोठा अपवाद आहे, बाजीरावाची आई राधाबाई. तन्वी आझमींनी या भूमिकेसाठी डोकं भादरलं. त्या पडद्यावर आल्या की मागचे खांब, झुंबरं, पडदे फिके पडतात आणि खरा वाडा बोलू लागतो. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. भन्साळींना दिग्दर्शनाचा मिळाला, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. शेवटी रावेरखेडीला तापाने फणफणलेला बाजीराव पाण्यात उतरून नसलेल्या घोडेस्वारांवर तलवार चालवतो. एक माणूस, पाणी आणि भास. अख्ख्या चित्रपटात मला सर्वांत भव्य वाटलं ते हे.

म्हणूनच पिंग्याबद्दल राग येत नाही, हळहळ वाटते. श्रावणात ठाण्या-डोंबिवलीच्या सभागृहांत मंगळागौरीचे ग्रुप खेळायला येतात, त्यांचा पिंगा एकदा जवळून पाहा. त्यात वाकून, घुमून बायका एकमेकींना टोमणे मारतात, सवतीचं, सासरचं सगळं साचलेलं बाहेर काढतात. माजघरात, पुरुषांच्या नजरेआड काशीबाई आणि मस्तानी हा खेळ खेळल्या असत्या, तर इतिहासात तसं घडलं नसूनही मी तो प्रसंग खरा मानला असता. एकीच्या तोंडी हक्क, दुसरीच्या तोंडी प्रेम, आणि भोवती फेर धरलेल्या बायकांना दोन्ही कळतंय. भन्साळींच्या हाती हे आयतं आलं होतं. त्यांनी ‘देवदास’मधल्या ‘डोला रे’चा साचा पुन्हा काढला, दोघींना सारखं नटवलं, ओळीत उभं केलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून नाचवलं. त्या चार-पाच मिनिटांत सवती कुठेच नव्हत्या.